मधमाश्यांचे पांढरे पाय

"ढीग तुमचा, माश्या तुमच्या, आणि कान मात्र आमच्या ह्यांचा," शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या. काकांचा कान केवढा सुजलाय ते त्यांनी हातांनी दाखवलं. तेवढा कान असता तर काकांना दारातून आडवंच यावं लागलं असतं.

परसातला खताचा ढीग माझाच. मी कपडे शिवते. मशीन मागच्या खिडकीशी आहे, त्यामुळे सकाळभर डोळ्यांसमोर एक तर सुई असते, नाहीतर तो ढीग. इतकी वर्षं तिथे गांडुळांखेरीज कुणी फिरकलं नव्हतं. या महिन्यात मात्र मधमाश्या यायला लागल्या. झाडांना अजून एक फूल नव्हतं, कोवळ्या उन्हात ढिगातून वाफ निघायची आणि त्या वाफेत त्या गुणगुणत राहायच्या. मी मशीन थांबवलं तरी गुणगुण चालूच असे. मग मला वाटायचं, आपण अजून शिवतोच आहोत.

मी बाबांना विचारलं. बाबांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले, पिठाची धूळ छातीत बसली आहे, गिरणीत पुन्हा पाऊल टाकलंत तर वर्षाचीही खात्री देत नाही. तेव्हापासून गिरणी माझा चुलतभाऊ बघतो. बाबा सकाळी वाचनालयात जात, बाराला मी स्वयंपाकात असताना मागच्या दाराने येत आणि जेवताना मला बातम्या सांगत. बातम्या बऱ्याचदा कालच्या असत.

"फळांच्या साली टाकतेस ना, त्या गोड वासाला येतात," बाबा म्हणाले.

मी साली खोल पुरल्या. माश्या आल्याच.

"मग पाण्याला येत असतील. ओल असते ना तिथे. आपल्या स्वच्छ पाण्यापेक्षा त्यांना तसलं मातकट पाणीच गोड लागतं."

मी पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवलं. दोन-चार जणी मान राखायला येऊन गेल्या, बाकीच्या ढिगावरच.

"ढीग आतून गरम असतो गं. येत असतील शेकायला."

मी मनगटापर्यंत हात घातला. खरंच ऊब होती. आता कळतं, तिन्ही कारणं खरी होती. बाबा फक्त चौथं हातचं राखून होते.

शेवटी काकूंनी रविवारपर्यंतची मुदत दिली, तेव्हा मी फावडं घेऊन ढिगापाशी गेले आणि पहिल्यांदाच वाकून नीट पाहिलं. माश्या वाळक्या पानांवरच्या पांढऱ्या भुकटीत लोळत होत्या आणि तिच्या गोळ्या करून मागच्या पायांना लावत होत्या. फुलं नसली की परागाच्या जागी त्यांना अशी भुकटीही चालते, हे मी नंतर वाचलं. एक पान आत आणून मी शिवायला घेतलेल्या काळ्या कापडावर झटकलं. गव्हाचं पीठ. गिरणीवाल्याच्या मुलीला ते वासावरूनही कळतं.

सहा महिने मी डोळ्यांत तेल घालून बाबांच्या औषधांच्या वेळा सांभाळत होते, आणि हा माणूस रोज तीन तास धुळीत उभा राहून, सदरा ढिगावर झटकून, शहाण्यासारखा जेवायला बसत होता.

बाराला मी ढिगाशीच उभी राहिले. बाबा मागच्या फाटकातून आले ते सदऱ्याची बटणं काढतच. मला पाहून थांबले.

"बाबा, माश्यांच्या पायांना पीठ आहे."

वाटलं, कानांवर हात ठेवतील. त्यांनी वाकून माश्यांकडे पाहिलं.

"बारीक आहे की जाड?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना. "पीठ कुणीही दळेल," मी म्हणाले. "मला तुम्ही हवे आहात."

"कुणीही नाही दळत." ते पायरीवर बसले, श्वास जमेपर्यंत थांबले. "दगड बोथट झाला की टाकी मारून त्याला धार लावायची असते. कधी लावायची ते पीठ सांगतं. तुझ्या भावाला ते अजून कळत नाही. लोक तोंडावर काही बोलत नाहीत गं, नुसते यायचे बंद होतात."

मी शेजारी बसले. ऊन अंगावर आलं होतं. दोघांनाही जेवायचं सुचलं नाही.

"बरं," बाबा म्हणाले. "नाही जात. पण मला पीठ आणून दाखवायचं."

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत मी जाऊ लागले. तांदूळ, गहू, हरभरा, प्रत्येकाची चिमूट कागदात बांधून आणायची. बाबा मशीनशेजारी खुर्चीत बसून ती अंगठा आणि बोटात चोळत, डोळे मिटून. "तांदूळ छान. गहू जाड आलाय, सांग त्याला." पुढे झाडं फुलली आणि माश्यांनी ढिगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आपल्या दटावण्याने त्या गेल्या, असं काकू सगळ्यांना सांगत.

पुढच्या थंडीपर्यंत बाबा पलंगाला खिळले. मी उशाशी बसून पुड्या सोडत असे. एका दुपारी त्यांनी गव्हाची चिमूट बोटांत घेतली आणि नुसती धरून ठेवली. चादरीवर थोडं पीठ सांडलं.

"कसं आहे, बाबा?"

"तू सांग."

त्यांच्या बोटांना ते खरंच कळलं नाही, की मला कळतं का ते त्यांना बघायचं होतं, हे मी विचारलं नाही. त्यांच्या बोटांतलं पीठ मी माझ्या बोटांत घेतलं, डोळे मिटले आणि चोळलं. छान आहे म्हणावं, असं फार वाटलं.

"जाड आहे," मी म्हणाले.

"हं." त्यांनी मान वळवून डोळे मिटले. "मग जा. सांगून ये त्याला."

मी चपला घातल्या आणि गिरणीकडे निघाले.