दार फुगलंय, काय करू?

मी एका सुताराच्या दुकानाची वेबसाइट बोलतेय. आवाज जरा चिरका वाटला तर सांभाळून घ्या. आयुष्यातले पहिले काही आठवडे मी सर्च इंजिनाच्या एकविसाव्या पानावर काढले आहेत, आणि तिथे बोलायला कुणी नसतं. एकविसाव्या पानावर माणूस वाट चुकूनसुद्धा येत नाही.

मला घडवलं दुकानमालकाच्या पुतणीने. भुसा पुसून काढलेल्या टेबलावर, एका दुपारी. कॉलेज नुकतंच संपलेलं आणि जिभेची धार रंध्याच्या पात्यापेक्षा जास्त. तिला दुकानात बसायचं होतं, काम शिकून पुढे तेच चालवायचं होतं. काका म्हणाले, दुकान चालवणं म्हणजे मोबाइल चालवणं नव्हे. दोन दिवस भांडण झालं. शेवटी काकांनी अट घातली : या वेबसाइटवरून तीन महिन्यांत दहा अनोळखी गिऱ्हाइकं आण. आणलीस तर दुकान तुझ्या हाती. नाही तर वडिलांनी बघून ठेवलेल्या विमा कचेरीत मुकाट्याने रुजू व्हायचं. नातेवाईक मोजायचे नाहीत.

ती हो म्हणाली. मग काकांनी हळूच दुसरी अट सोडली : मजकूर मी सांगणार.

त्यामुळे माझ्या कपाळावर आलं, 'काष्ठकलेचे माहेरघर. द्वार, गवाक्ष व तत्सम कामे.' त्याखाली काकांचा फोटो, हातात रंधा असा धरलेला की जणू गड जिंकून आलेत. त्याखाली आजोबांचा फोटो. पणजोबांचा मिळाला नाही, म्हणून तिथे पुन्हा काकांचाच.

"काका, दार अडकलेला माणूस घाईत असतो," पुतणी म्हणाली. "तो 'गवाक्ष' टाइप करील?"

"शिकलेला असेल तर करील."

महिना गेला. माझ्याकडे एक फॉर्म आहे : नाव, फोन, पत्ता, काय काम आहे. तो आत्यांनी भरला. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वेबसाइट छान झाली. तू वाळली आहेस, वेळेवर जेवत जा.' मामांनी तो चालतो का हे बघायला चार वेळा भरला. काकांचे एक मित्र तर रोज न चुकता त्यातून 'शुभ सकाळ' पाठवत. अनोळखी गिऱ्हाईक एकही नाही.

काका मात्र खुशीत. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी दिवसभर उघडी असते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. सकाळी चहा घेताना ते फोनवर दुकानाचं अख्खं नाव टाइप करायचे. अर्थातच सगळ्यांत वर मी. मग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की आपण पहिल्या नंबरवर आहोत. पुतणीने डोकं आपटून समजावलं, की ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे त्याच्याकडे तुमचा फोन नंबरही असतो. आपल्याला नाव ठाऊक नसलेला माणूस हवाय.

"ज्याला माझं नाव ठाऊक नाही," काका म्हणाले, "त्याला सुतारकामातलं काय कळणार?"

यापुढे वाद घालायला काही उरतच नाही. मोठ्या माणसांशी बोलताना हा एक मुक्काम नेहमी येतो.

दुसऱ्या महिन्यात काका एका इमारतीच्या कामावर गेले आणि दुकानाचा फोन पुतणीकडे आला. जुनी गिऱ्हाइकं काय बोलतात, ते तिने आठवडाभर शब्दन् शब्द वहीत उतरवलं. काष्ठ कुणीच म्हणालं नाही. 'दार फुगलंय, काय करू?' 'दार खाली घासतं.' 'दार आपोआप उघडतं आणि सासूबाई दर वेळी विचारतात, कोण आलं?'

तिने त्या एकेका वाक्याचं माझं एकेक पान केलं. मथळा गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, खाली सरळ उत्तर. दार फुगलं असेल तर लगेच रंधा मारू नका, आधी वाळू द्या. घासत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. याला म्हणे एसईओ म्हणतात. म्हणजे लोक ज्या शब्दांत शोधतात, त्याच शब्दांत त्यांच्या आधी जाऊन उभं राहायचं.

काका परतले, वाचलं, आणि भडकले. "तीन पिढ्यांची विद्या फुकट वाटतेस?"

"स्क्रू आवळा, एवढं सांगायला तीन पिढ्या लागल्या?"

मी तेवढ्यात एकविसाव्या पानावरून नवव्यावर आले होते. मग तिसऱ्यावर. मग पहिल्यावर, खालून दुसरी. लोक यायला लागले. काहींनी स्क्रू आवळले, दार बरं झालं आणि आभार न मानता निघून गेले. बाकीच्यांनी 'रंधा मारू नका' हे नीट वाचलं, रंधा मारला आणि मग फॉर्म भरला. निम्मी गिऱ्हाइकं मला अशीच मिळाली. माणसाला काय करू नये हे स्पष्ट सांगितलं, की धंदा वाढतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आकडा नऊवर अडकला. पुतणी सारखी मला ताजी करून बघत होती. विमा कचेरीचं पत्र टेबलावरच होतं. काका उगाचच एका स्वच्छ फळीला पॉलिश पेपर घासत होते.

चहाच्या वेळी फॉर्म आला. 'स्वयंपाकघराचं दार अकरा वर्षं घासतंय. उघडायला खांदा लावावा लागतो. घरात सुतार आहे, पण त्याला सवड नाही. कुणीतरी पाठवा.' पत्ता काकांच्या घरचा. पाठवणारी काकू.

"नातेवाईक मोजायचे नाहीत," काका म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला. काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"नातेवाइकाला मी अकरा वर्षं सांगितलं. आज गिऱ्हाईक म्हणून सांगतेय."

काकांच्या हातातला पॉलिश पेपर थांबला. पुतणीने हत्यारांची पेटी उचलली आणि निघाली. थोड्या वेळाने काकाही चपला घालून तिच्या मागे गेले.

तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. पण संध्याकाळी माझ्यावर एक नवा फोटो चढला. पुतणी उकिडवी बसून खालची बिजागरी बसवते आहे. दार पलीकडून कुणीतरी तोलून धरलंय. त्या माणसाची फक्त आठ बोटं दिसतात, नखांत पॉलिश भरलेली.

गिऱ्हाइकांच्या यादीत दहाव्या नावापुढे 'काम कोणी केलं' असा रकाना आहे. तो काकांनी स्वतः, एका बोटाने, बराच वेळ लावून भरला : 'दुकानाच्या मालकीणबाईंनी. मी फक्त दार धरलं.'

आता मी पहिल्या पानावर तिसरी आहे आणि कामात बुडालेली असते. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं एखादी गोष्ट सांगत असेल, तर आज ऐका. तिला फॉर्म भरायला लावू नका.