फिरोजाच्या दोऱ्या

श्रीवर्धनजवळ फिरोजाच्या घरामागचा डोंगर महायुद्धाच्या काळात कोळशासाठी तोडला गेला होता. तिथे नुसतं गवत उरलं होतं. तिचा नवरा नजमुद्दीन जहाजावर खलाशी. चोपन्न सालच्या पावसाळ्यात तो सुट्टीवर आला, उतारावर आंब्याची कलमं लावली, प्रत्येकाला उंच बांबूचा आधार दिला आणि "पुढच्या खेपेला आंबे खाऊ," म्हणत निघून गेला.

उन्हाळ्यात कलमं वाळली. बांबू तेवढे उभे राहिले. तिथे वारा छान, म्हणून फिरोजा त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालू लागली. बुलबुलांना तर ही बैठक फारच आवडली. आसपासची करवंदं, भोकरं, उंबरं खाऊन ते थेट दोरीवर येत. धुतलेल्या चादरींवर जांभळे डाग!

"मेल्यांनो, दुसरी जागा नाही का तुम्हाला?" ती ओरडायची. शेवटी वैतागून दोरी वरच्या बांबूंना बांधायची. बुलबुल तिथेही हजर. जुन्या दोरीखाली मात्र पावसात रोपं उगवलेली असत. एवढी हिरवळ बघून तिला बरं वाटे. शेळ्यांना ती तिकडे फिरकू देईना.

जहाज दूरच्या फेऱ्यांवर होतं. नजमुद्दीन चार वर्षांनी परतला, तो लांबूनच हिरवा उतार बघून हरखला. शेजारच्या सदाला ओढतच वर घेऊन गेला. "बघ, माझी आंब्याची बाग!"

सदाने एक पान चुरगळून हुंगलं आणि हसत सुटला. "अरे बाबा, ही भोकर. तो उंबर. आंबा कुठाय?"

नजमुद्दीनचा चेहरा पडला. घरी येऊन त्याने कोयता उचलला. "सगळं साफ करतो. पुन्हा कलमं लावतो."

"तुमची कलमं मी पाणी घालून घालून थकले, तरी मेली," फिरोजा म्हणाली. "ही कुणी न लावता जगली. खुशाल तोडा. पण आधी जरा सावलीत बसून या."

तो रागारागातच गेला. उंबराखाली बसला. डोक्यावर तांबट, हळद्या, बुलबुल यांची नुसती झुंबड उडाली होती. समोरच्या दोरीवरून एक बुलबुल शिटला, तर त्यात बिया. लहानपणी हाच डोंगर असा गजबजलेला असे, ते त्याला आठवलं. दुपार टळली तरी तो उठेना, तेव्हा फिरोजा चहा घेऊन वर आली.

"कोयता?" तिने विचारलं.

"लागेल. नवे बांबू तोडायचेत."

सुट्टी संपेपर्यंत त्याने माथ्यापर्यंत बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या.

"एवढ्या वर मी धुणं घेऊन चढणार नाही हं," फिरोजा म्हणाली.

"तुला कोण बोलावतंय?" तो म्हणाला, आणि ती पदर तोंडाला लावून हसली.