नावासकट विचारलेला प्रश्न

आमची लेक नोरीन बॉस्टनला गेली, त्या वर्षीची म्हणजे १९८५ सालची ही गोष्ट. तिला शॅननच्या विमानतळावर सोडून मी परत येत होतो. शेजारच्या सीटवर फेस्टस टारपी गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होता.

"रडायचं असेल तर गाडी बाजूला घे," तो मान वर न करता म्हणाला.

"मी रडत नाहीये."

"बरं. मग नीट चालव. माझं अक्षर हलतंय."

फेस्टसचं किलतारामध्ये खिळे, रंग आणि बादल्यांचं दुकान होतं. बारा वर्षं तो आमचा खासदार, म्हणजे आमच्या भाषेत डेप्युटी, होता, त्यातली बरीचशी विरोधी बाकांवर. दर मंगळवारी मी त्याला डब्लिनला संसदेत न्यायचो. गाडी त्यालाही चालवता यायची, पण त्या चार तासांत त्याला प्रश्न लिहायचे असत. त्या वर्षी आमचा शर्टांचा कारखाना बंद पडला होता. बस भरभरून पोरं परदेशी जात होती. त्याच्या पक्षाचे पुढारी संसदेत कर्जावर आणि व्याजदरावर बोलत. फेस्टस विचारायचा तो एखाद्या म्हाताऱ्याच्या पेन्शनबद्दल, नाहीतर शाळेच्या गळक्या छपराबद्दल.

गावाच्या अलीकडे, पुलाजवळ, डेलिया कॅफर्कीने हात करून गाडी थांबवली. शनिवारी फेस्टसच्या दुकानामागच्या खोलीत गाऱ्हाणी घेऊन माणसं बसत. त्यांच्यात डेलिया कधी दिसली नव्हती.

"दोन मिनिटं, डेप्युटी."

"बस मागे. भिजशील."

ती बसली, तिने दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "जेम्सीची दीड वर्षात एक ओळ नाही. गावात मी सांगते, कॉव्हेंट्रीला कामावर आहे म्हणून. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना भत्ता असतो ना, त्याचा अर्ज केलाय. आठ महिने झाले. कचेरीत म्हणतात, तो सोडून गेलाय हे दाखवा. आता गेलेला माणूस कुठून आणून दाखवू मी?"

"तीन मुलं ना तुला?"

"तीन. धाकटीचे बूट मोठीला होत नाहीत, एवढंच काय ते उलटं चाललेलं नाही."

फेस्टस हसला. त्याने तिचं पूर्ण नाव, वाडी, अर्जाची तारीख लिहून घेतली. "येत्या मंगळवारी विचारतो."

उतरताना ती मला म्हणाली, "जार्लथ, तुम्ही पण..."

"मी बहिरा आहे," मी म्हणालो.

तिला थोडं हसू आलं.

त्या मंगळवारी मी प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. तेव्हा रीत अशी, की असा प्रश्न माणसाच्या नावागावासकट विचारायचा. तसाच तो छापलाही जायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट आमच्याकडे लोकांना त्याचं अप्रूप होतं. मायलो मोचीने आपल्या पेन्शनच्या प्रश्नाचं कात्रण काचेत घालून दुकानात लावलं होतं.

फेस्टस उभा राहिला, त्याने प्रश्न वाचला. सरकारी बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "देश बुडायला आलाय, आणि डेप्युटी टारपींना एका बाईची पडलीय."

"सभापती महोदय, देशाला वाचवायला पलीकडे ऐंशी जण बसलेत," फेस्टस म्हणाला. "त्या बाईला मी एकटाच आहे."

दोन्हीकडचे हसले. उपमंत्र्याने कागद चाळले आणि सांगितलं की फाइल चुकीच्या विभागात गेली होती, पुढल्या आठवड्यापासून भत्ता सुरू होईल. परतीच्या वाटेवर फेस्टसने वही उघडलीच नाही. तो शीळ घालत होता.

गुरुवारी आमचं साप्ताहिक यायचं. त्याच हिवाळ्यात, त्रेपन्नाव्या वर्षी, मी वाचनालयातल्या वर्गात वाचायला शिकलो होतो. बी गिल्डेच्या किराणा दुकानात माझं वाचन ही लोकांची एक करमणूक झाली होती.

"वाच रे जार्लथ," बी म्हणाली. "आपल्या टारपीनं तिकडे काय दिवे लावले ते ऐकू दे."

मी बोट ठेवून वाचू लागलो. उशिरा शिकलेल्याचं सगळं लक्ष अक्षरात असतं, अर्थ मागून येतो. "नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा भत्ता," मी वाचलं, "श्रीमती डेलिया कॅफर्की, राहणार किलतारा, यांना कधी मिळणार, असा प्रश्न..." अर्थ आला तेव्हा ओळ संपली होती.

मी मान वर केली. डेलिया पावांच्या फळीपाशी उभी होती. तिने एक पाव उचलला, पैसे ठेवले, सुटे मोजून घेतले.

"तुमचं वाचन सुधारलंय, जार्लथ," ती म्हणाली आणि गेली.

मी तडक फेस्टसकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं, दुकान बंद केलं आणि आम्ही तिच्या घरी गेलो. मी गाडीतच बसलो. तिने दार अर्धंच उघडलं.

"डेलिया, माझी चूक झाली," तो म्हणाला. "हाताला सवय होती, तसं लिहून दिलं. विचार केला नाही."

"पैसे सुरू होतायत, डेप्युटी. आभारी आहे."

"मी त्यासाठी नाही आलो."

"माहीत आहे. पण मी तेवढंच बोलू शकते. पोरींना आज शाळेत विचारलं, तुमचा बाप कॉव्हेंट्रीत नाही तर कुठंय. त्याचं उत्तर कुठल्या मंत्र्याकडे असेल तर तेवढं आणा."

तिने दार लावलं. आपटलं नाही, हलकेच लावलं.

फेस्टसने सभापतींना पत्र लिहिलं, की अशा प्रश्नांत नावं छापू नयेत. उत्तर आलं, रीत जुनी आहे. मग त्याने स्वतःपुरती ती मोडली. प्रश्नात तो लिहायचा, 'किलतारा भागातील एका व्यक्तीचा अर्ज', आणि नावाची चिठ्ठी वेगळी मंत्र्याच्या कचेरीत नेऊन द्यायचा. कामं पूर्वीसारखीच होत होती. पण साप्ताहिकाला बिननावाच्या बातमीत रस नव्हता. त्यांनी त्याचे प्रश्न छापणं सोडलं.

१९८७ साली निवडणूक आली. पडत्या काळात लोकांना आपलं कुणीतरी ऐकतंय हे डोळ्यांनी दिसायला हवं असतं. मायलो मोची त्याच्या तोंडावर म्हणाला, "माझ्या भावाचं विचारलं म्हणतोस, फेस्टस. मग छापून का नाही आलं? की तिथं झोपा काढतोस?"

"त्याला भत्ता मिळाला ना?"

"मिळाला. पण तो तू मिळवलास कशावरून?"

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "सांगून टाक ना लोकांना, नावं का बंद केलीस ते."

"कुणामुळे बंद केली, असं विचारतील."

"मग?"

"मग काय सांगू?"

त्यानंतर घरोघरी फिरताना त्याने ती गोष्ट एकदाही काढली नाही, पक्षाच्या माणसांपाशीसुद्धा नाही. एक्याण्णव मतांनी तो पडला. मतमोजणीच्या शाळेतून आम्ही घरी आलो तेव्हा त्याच्या बायकोने बटाटे आणि हॅम वाढलं, आणि तो दोनदा मागून जेवला.

पुढल्या सोमवारी त्याने नेहमीसारखं दुकान उघडलं. मी शेगडीशी बसलो होतो. अकराच्या सुमारास डेलिया आत आली. तिला दारासाठी हिरवा रंग हवा होता.

"लहान डबा की मोठा?"

"लहान. एकच दार आहे." मग ती म्हणाली, "मी तुम्हाला मत दिलं नाही."

"बरं."

"तुम्ही नावं का थांबवली ते मला कळलं होतं. तरी नाही दिलं. हात गेला नाही."

"तुझं मत तुझं आहे, डेलिया."

"पुढल्या वेळी देईन म्हणते."

"पुढल्या वेळी मी नाही उभा राहणार." त्याने डबा कागदात गुंडाळला. "दोन हात दे. पहिला वाळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस."

डबा घेऊन तो तिच्याबरोबर बाहेर गेला आणि तिच्या सायकलच्या टोपलीत, कलंडू नये म्हणून, हाताने दाबून बसवला. ती वळणाआड जाईपर्यंत तो पायरीवर उभा होता. मग आत येऊन त्याने मला विचारलं, चहा टाकू का.

तो पुन्हा उभा राहिला नाही. नऊ वर्षं त्याने खिळे विकले. १९९६च्या मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सणानंतर दोन दिवसांनी, फेस्टस टारपी वारला. तो एकाहत्तर वर्षांचा होता.