टपावरचं कपाट

माझ्या संगणकावर बस जितक्या अंशांना उलटते, तितकं आमचं ऑफिस डावीकडे कलतं. बस सरळ केली की ऑफिसही सरळ होतं. सगळ्यांना याची सवय आहे. चहाचा कप हातात धरायचा आणि खुर्चीची चाकं काढून ठेवायची, एवढंच.

बस उलटवणं हे माझं काम आहे. खरी बस उलटवणं महाग पडतं, म्हणून कारखाना आधी तिचं मॉडेल माझ्याकडे पाठवतो. मी ते संगणकातल्या मंचावर उभं करते आणि मंचाची एक बाजू हळूहळू उचलते. अठ्ठावीस अंशांपर्यंत उभी राहिली तर बस पास. या वेळी आलेली बस तीस अंशांपर्यंत टिकली, पण तेव्हा तिचा टप रिकामा होता. मी टपावर वऱ्हाडाचं सामान चढवलं. रुखवतातलं लोखंडी कपाट, गाद्या, पिंपं, भांडी. गुरुत्वमध्य वर सरकला आणि बस बावीस अंशांनाच उलटली.

मी ती सरळ केली. ऑफिस मात्र सरळ झालं नाही.

आमचे प्रमुख कुलथे सर भिंत धरत माझ्यापर्यंत आले. ड्रॉइंगमध्ये टपावर काही नाही, तेव्हा अहवालातही नको, असं त्यांनी समजावलं. अहवालावर सही माझी लागते. मी विचारलं, मग ड्रॉइंगमध्ये बसच्या मागे टपावर चढायला शिडी का काढली आहे? त्यांनी ड्रॉइंगमधली शिडी अंगठ्याने झाकली. उद्या कारखान्याचे साहेब येणार आहेत, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या आधी वऱ्हाड आलं. ते आमच्या खुर्च्यांवर दोन-दोन करून, एकामागे एक बसलं. एका मावशींनी माझी खुर्ची घेतली. खिडकी नसली तर त्यांना उलटी होते. मुंडावळ्या बांधलेली नवरी मावशींच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. वर स्लॅबवरून काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज येत होता. नवरीचा मामा छताकडे पाहून कुणाला तरी दोर आवळायला सांगत होता.

कुलथे सरांनी सगळ्यांना नम्रपणे उजवीकडे सरकायची विनंती केली. वऱ्हाड आणि आम्ही नोकरदार, सगळे उजव्या भिंतीला पाठ लावून बसलो. फरशी जवळजवळ सपाट झाली. साहेब आत आले आणि त्यांनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. पाणी हललं नाही. त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"टप रिकामा लिही," सर म्हणाले.

"टपावर कपाट आहे."

"ते आपलं नाही."

"बस आपली आहे, सर."

"पोरगी वरपक्षाकडची दिसते," मामा शेजारच्याला म्हणाला. "ऐकत नाही."

मी उठले आणि डावीकडे चालू लागले. त्या बाजूला कुणीच नव्हतं. पहिल्याच पावलाला ग्लास घसरला. साहेबांनी तो झेलला.

"जागेवर ये," सर म्हणाले. "सगळे पडतील."

"इथे पडू द्या. घाटात नको."

पुढच्या प्रत्येक पावलाला फरशी उतरत गेली. माझ्या मागे कागद, पेनं आणि अक्षता घरंगळत आल्या. डाव्या भिंतीशी पोचल्यावर मी वळून उभी राहिले आणि बावीस हा आकडा मोठ्याने सांगितला. समोर उजव्या भिंतीखाली फट पडली होती. तिच्यातून उन्हाची पट्टी आत आली. साहेब ग्लास घेऊन वाकले आणि फटीतून पाहू लागले. बाहेर, जमिनीपासून वीतभर वर, दोन चाकं सावकाश फिरत होती.

नवरी जागी झाली. तिने हात वर करून बसचा दांडा धरला.