तेजूच्या खात्यातले वीस लाख

संपतरावांनी मंगळवारी सकाळी बँकेत जाऊन लेकीच्या खात्यात वीस लाख रुपये टाकले आणि कुणाला काही न सांगता घरी येऊन पोहे खाल्ले. मोठं काम गुपचूप उरकल्यावर माणसाला जी भूक लागते ती त्यांना लागली होती. दोनदा वाढून घेतलं आणि वर "पोहे चांगले झालेत" असंही म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य सरुबाई पहिल्यांदाच ऐकत होत्या, त्यामुळे त्यांना लगेच संशय आला. पण नवऱ्याला खोदून विचारलं की तो आणखी गप्प होतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आणखी एक चमचा पोहे वाढले आणि वाट बघायचं ठरवलं.

खराडीत जिथं संपतरावांची ज्वारी उभी राहायची तिथं आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यातल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर त्यांची धाकटी लेक तेजस्विनी नोकरीला होती. जमीन गेली, पैसा आला, चार फ्लॅट आले, पांढरी मोठी गाडी आली. संपतराव बिचारे अजून सकाळी उठून पाणी सोडायला जायचं असल्यासारखे पाच वाजता जागे होत आणि मग बाल्कनीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघत.

तर या तेजूला पोर्तुगालला जायचं होतं. एकटीनं, अडीच आठवडे, आणि स्वतःच्या पैशानं. घरात महिनाभर धुसफुस झाली. एकटी का, पोर्तुगालच का, आपलं काश्मीर काय वाईट हाय, असं सगळं होऊन गेलं. शेवटी आईनं तिची बाजू घेतली आणि आबांनी "जा बाई" म्हटलं. ऑफिसातलं एक काम संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या फटीत तिला रजा मिळाली होती. ती फट हुकली असती तर पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी कोण कुणाला सोडतंय? शुक्रवारी व्हिसाचे कागद द्यायचे होते. पगारातून साठवलेले पैसे खात्यात होते, जायला-यायला आणि नीट राहायला पुरतील एवढे. आबांना ते फारच तुटपुंजे वाटले.

त्याला कारण होतं. थोरला पियुष सहा वर्षांपूर्वी कॅनडाला शिकायला गेला, तेव्हा एजंटानं सांगितल्यावर संपतरावांनी त्याच्या नावावर भलीमोठी रक्कम ठेवली होती आणि व्हिसा झटक्यात आला होता. तेव्हापासून त्यांचं मत पक्कं झालं होतं की गोरा साहेब आधी खातं बघतो आणि मग माणूस.

संध्याकाळी तेजूनं मोबाईलवर खातं उघडलं. बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग बाहेर आली.

"आबा, हे काय आहे?"

"कमी पडत्यात का?" संपतराव हसत म्हणाले. "गोऱ्याला कळू दे की कुणाची पोरगी हाय."

तेजू ओरडली नाही. ती बापावर गेली होती, रागावली की गप्प व्हायची. "उद्या माझ्याबरोबर स्वारगेटला यायचं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. पोहे फारच चांगले का झाले होते ते सरुबाईंना तेव्हा कळलं.

स्वारगेटला गाडी लावायला जागा शोधण्यातच संपतरावांचा निम्मा रुबाब उतरला. उरलेला नाजिमा शेख यांच्या ऑफिसात उतरला. नाजिमाबाई पूर्वी बँकेत अधिकारी होत्या. ती नोकरी सोडून आता त्या पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या तरुण मुलामुलींना सल्ला द्यायच्या. कुणीही आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तिकीट काढून मोकळे झालात का?" हो म्हणणाऱ्याला व्हिसाच्या आधी परत न मिळणारं तिकीट काढू नये यावर असं काही ऐकायला मिळे की तो पुन्हा बसचं तिकीटसुद्धा विचार करून काढी. तेजूनं फक्त बुकिंग केलं होतं, पैसे भरले नव्हते, म्हणून ती त्यांची लाडकी होती.

त्यांनी तिचं खातं उघडून बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"संपतराव, हे खातं वाचा. दर महिन्याला पगार येतो. थोडे आईला जातात, थोडे गुंतवले जातात, शनिवारी एखादं बाहेरचं जेवण, उरलेले तसेच राहतात. दोन वर्षं असंच चाललंय. हे वाचलं की मुलगी कशी आहे ते कळतं. आणि मग मंगळवार उजाडतो." त्या थांबल्या. "मंगळवारी ही मुलगी कोण झाली?"

"माझीच पोरगी हाय की. पैसं बी माझंच हायत, जमिनीचं. टॅक्स भरलाय."

"मला कळलं. त्यांना कसं कळायचं? त्यांना असं दिसतं की कागद द्यायच्या तोंडावर कुणीतरी दाखवायला पैसे ठेवले. व्हिसा मिळाला की काढून घेणार. असे उसने पैसे ठेवणारे त्यांच्याकडे रोज येतात. असं दिसलं की ते सरळ नाही म्हणतात."

संपतरावांनी खुर्चीत जरा पुढं सरकून आवाज खाली आणला. "आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला सांगून एखादा फोन..."

"कुठल्या वॉर्डाच्या? लिस्बनच्या?"

तेजूनं तोंड खिडकीकडे वळवलं. संपतरावांना ती हसते आहे की काय अशी शंका आली, पण ती हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते. आपल्यामुळे पोरीचं जाणं बुडतंय, हे त्यांना पहिल्यांदा नीट उमगलं.

"पियुषच्या टायमाला तर असंच केलं होतं," ते पुटपुटले.

"तो शिकायला गेला होता. त्याची फी, त्याचं राहणं-खाणं, एवढे पैसे आहेत का हेच त्यांना बघायचं होतं. ही फिरायला चाललीय. फिरण्यापुरते हिच्याकडे आहेत. त्यापुढे तुम्ही किती श्रीमंत आहात याच्याशी त्यांना काही घेणं नाही."

"मग त्ये बघत्यात तरी काय?"

"परत येणार का, ते."

संपतराव खुर्चीत मागं टेकले. बाहेर एसटीवाले कुठल्याशा गाडीची घोषणा करत होते.

मग नाजिमाबाईंनी एकेक वाट सांगितली. एक तर हे पैसे खात्यात जुने होईपर्यंत काही महिने थांबायचं, म्हणजे रजा गेली. नाहीतर वडिलांनी खर्च उचलतोय असं लिहून द्यायचं, सोबत त्यांचे टॅक्सचे कागद. "त्यात काही गैर नाही, पुष्कळ मुलं तशीच जातात." तेजूनं मान हलवली, नको. आणि तिसरी वाट म्हणजे पैसे आजच्या आज परत घ्यायचे आणि झालं ते खरं लिहून द्यायचं. "खात्यात पैसे आलेले दिसतील, गेलेलेही दिसतील. लपवायचं काही नाही. पण मी हमी देत नाही. हमी देणारे एजंट शेजारच्या गल्लीत बसतात, त्यांच्याकडे जाऊ नका."

"परत?" संपतराव ताठ झाले. "लेकीला दिल्यालं माघारी घ्यायचं? आमच्यात असं करत नाय मॅडम. माझ्या बापानं बहिणीला दिलेली गाय दुष्काळात आटली, आमच्या दारात येऊन उभी राहिली, तरी माघारी घेतली नाय. गावात कळलं तर शेण घालतील तोंडात."

"खराडीला स्टेटमेंट पाठवायचं नाहीये, पोर्तुगालला पाठवायचंय," नाजिमाबाई कॉम्प्युटरकडे वळत म्हणाल्या. "ठरवा तुम्ही. पण पत्रात कारण द्यावं लागेल. पैसे का टाकले?"

"बाप हाय मी. माया हाय म्हणून."

"माया वर्षभर होती. मंगळवारीच का टाकले?"

या बाईनं बँकेत असताना किती लोकांना घाम फोडला असेल, असं संपतरावांच्या मनात आलं. त्यांनी तेजूकडे बघितलं, मग टेबलाकडे. आणि जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं ते त्या परक्या ऑफिसात भर दुपारी त्यांच्या तोंडून निघालं.

"पियुषला तिथं पैसं कमी पडलं होतं. मला बोलला नाय. लाजला. एका कॉफीच्या दुकानात कामाला लागला. पहिल्यांदा दोन तास, मग रातभर. मग तिथंच वळख झाली, नोकरी लागली, घर झालं. चार वर्सं झाली, आला नाय." त्यांनी हातातली गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "माझी चूक झाली. आणखी पैसं धाडलं असतं तर त्याला काम करायला लागलं नसतं. काम केलं नसतं तर शिकून माघारी आला असता. म्हणून हिला टाकले. हिला तिथं काय बी कमी पडू नये. हिला तिथं थांबायचं कारणच मिळू नये."

नाजिमाबाईंची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. तेजू बापाकडे बघत होती. कालपासून ज्या पैशांचा तिला संताप येत होता त्यांच्यामागे एवढी भीती बसलेली असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"'वडिलांना मुलीची काळजी वाटली' असं लिहिते," नाजिमाबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "चालेल?"

"लिहा," संपतराव म्हणाले. "आन् पैसं काढून घेतो."

निघताना नाजिमाबाईंनी नेहमीचं सगळं तेजूकडून पुन्हा वदवून घेतलं. प्रवासाचा विमा तीस हजार युरोंच्या खाली नको. दोन कार्डं, एक पाकिटात आणि एक बॅगेत, कधीही एकत्र नाहीत. तिकडच्या कार्डाच्या मशीननं "रुपयांत हिशेब करू का" असं प्रेमानं विचारलं तरी युरोच निवडायचे, त्या प्रेमाचे ते वेगळे पैसे लावतात. ऑफिसनं रजा दिल्याचं आणि परत रुजू होण्याच्या तारखेचं पत्र सगळ्यात वर लावायचं. संपतराव शाळेतल्या पोरासारखे ऐकत राहिले.

संपतरावांनी गाडी खराडीकडे घेतली. येरवड्याच्या सिग्नलला तेजू म्हणाली, "आबा, दादा पैशांमुळे तिथं राहिला नाही."

"मग?"

"त्याला वाटतं, तुम्हाला तो तिथंच हवाय. तुम्ही सगळ्यांना सांगता, माझा पोरगा कॅनडात असतो. फोनवर पगार किती वाढला ते विचारता, घर केवढ्याचं घेतलं ते विचारता. मागच्या दिवाळीत मला म्हणाला, आबा मला कधी 'ये' म्हणालेच नाहीत. मी आलो तर त्यांचा मान कमी होईल." ती समोरच्या लाल दिव्याकडे बघत होती. "मी तुम्हाला सांगणार नव्हते. त्यानं सांगू नको म्हटलं होतं."

सिग्नल सुटला होता. मागच्यानं हॉर्न वाजवला, मग त्याच्या मागच्यानं. संपतरावांनी गाडी पुढं घेतली. त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, ते येत नव्हतं.

त्याच दुपारी पैसे परत आले. शुक्रवारी कागद गेले. मग सुरू झालं वाट बघणं. सरुबाईंनी दोन उपास धरले. संपतराव तोंडानं काही म्हणत नव्हते, पण दाराची बेल वाजली की आधी तेच उठत. आपल्या उपद्व्यापामुळे पोरीला नकार आला तर तिच्याकडे कुठल्या तोंडानं बघायचं, या विचारानं त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. वीस लाख पुन्हा त्यांच्या खात्यात पडून होते आणि तिकडे बघायचीही त्यांना इच्छा होत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात पासपोर्ट आला. तेजूनं तो दारातच उघडला. व्हिसा होता. मागितले होते नेमके तेवढेच दिवस, एकही जास्त नाही. तिनं आधी आईला मिठी मारली आणि मग काहीही न बोलता आबांना. एवढी मोठी झाल्यापासून तिनं त्यांना अशी मिठी मारली नव्हती. हात कुठं ठेवायचे ते संपतरावांना कळेना, म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवले.

"घ्यायला विमानतळावर या," ती म्हणाली. "येते त्या दिवशी."

"येतो की," ते म्हणाले.

संध्याकाळी मायलेकी खरेदीला गेल्या. संपतराव बाल्कनीत बसले. कॅनडात आता सकाळ झाली असेल असा त्यांनी हिशेब केला. फोन हातात घेतला, खाली ठेवला, आत जाऊन पाणी पिऊन आले. जमिनीच्या व्यवहारात भल्याभल्या बिल्डरांसमोर न डगमगलेला हा माणूस स्वतःच्या पोराला फोन लावायला घाबरत होता. शेवटी लावला.

"आबा?" पियुषचा आवाज दचकलेला होता. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी हाय. समदे बरे हायत."

"मग? यावेळी कसा काय फोन?"

काय बोलायचं ते संपतरावांनी तीन आठवडे जुळवलं होतं. तेजूच्या व्हिसावरून सुरुवात करायची, मग सणावारांवर यायचं, मग हळूच विषय काढायचा. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"तू ये," ते म्हणाले.

"कुठे?"

"घरी. काम नाय काय. लई दिवस झाले, तू दिसला नाय. मला तुला बघायचंय."

पलीकडून काहीच आवाज येईना. फोन कट झाला की काय म्हणून संपतरावांनी तो कानापासून काढून बघितला. कट झाला नव्हता. त्यांनी पुन्हा कानाला लावला, तर तिकडे पियुष रडत होता.