शेवटच्या खेपेला वाजली गिटार

साहेब, तुम्ही पोरीला वाजवू दिलं नाहीत. अंथुर्ण्याच्या फाट्यावरच्या सभागृहात हार घातलेला फोटो होता, समई होती, पुढे तुमच्यासाठी सोफा होता. आणि ज्याच्यासाठी हा सगळा थाट, त्याची गिटार तुम्ही दाराबाहेर चपलांशेजारी ठेवायला लावलीत. जो माणूस आयुष्यभर वाजवत राहिला, त्याच्या शोकसभेत तुम्हाला शांतता हवी होती. वरून पोरीला म्हणालात, शोकसभेचं गांभीर्य असतं. हे मी सगळ्यांसमोर सांगणार. मला निवडणूक लढवायची नाही, की तुमच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉली आहे. ट्रॅक्टरमागे जोडतात ती, ऊस वाहणारी.

कळसच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. ॲक्सल जुन्या ट्रकचा, पत्रा मात्र नवा आणि जाड. ठिणग्या उडायच्या तेव्हा मला वाटायचं, आपली दिवाळी चालू आहे. मग मला निळा रंग दिला, कडेला लाल पट्टा ओढला, मागच्या फाळक्यावर दोन मोर काढले. एक मोर जरा कोंबड्यासारखा झाला होता. अंथुर्ण्याचे जोतीराम मला न्यायला आले तेव्हा त्यांनी माझ्याभोवती फेरी मारली, त्या मोरापाशी थांबले आणि म्हणाले, "ह्यो कशाला आरवतोय?" तरीही मला घेऊन गेले. तेव्हापासून मी त्यांची.

दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं की मला उसंत नसायची. फडात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, माझ्यात रचायच्या, की निघाले मी कारखान्याला. यार्डात ट्रॅक्टरांची रांग, हवेत मळीचा वास, पुढे वजनकाटा. हंगाम संपला की वाळू, विटा, शेणखत, लग्नाची भांडी, काय म्हणाल ते. त्या सभागृहाची वाळूही मीच वाहिली आहे, साहेब. तेव्हा तुम्ही नारळ फोडायला आला होतात आणि माझ्याच फाळक्याला टेकून फोटो काढला होतात. आठवत नसेल. तुम्हाला फोटो आठवतात, ट्रॉली आठवत नाही.

आता त्या माणसाबद्दल सांगते.

विजयसिंह, म्हणजे गावाचे तात्या, हे द्वारकाबाईंचे थोरले चिरंजीव. पुण्याला इंजिनिअर व्हायला गेले आणि खांद्यापर्यंत केस आणि विजेवर वाजणारी गिटार घेऊन परत आले. गावानं केस बघितले, गिटार बघितली आणि द्वारकाबाईंना विचारलं, पोराला नजर लागली का?

आमच्याकडे हंगामाची शेवटची खेप सजवून नेतात. फडातला उरलासुरला ऊस भरायचा, ट्रॉलीला केळीचे खुंट बांधायचे, आंब्याचे डहाळे खोवायचे, गुलाल उधळायचा आणि हलगी वाजवत कारखान्यापर्यंत मिरवत जायचं. ऊस तोडणारे नाचतात, मालक नाचतो, ड्रायव्हरही चालत्या ट्रॅक्टरवर अर्धा नाचतो. त्या वर्षी विजयसिंह माझ्यातल्या उसावर चढले, बॅटरीवर चालणारा स्पीकरचा डबा मोळ्यांत खोचला आणि हलगीच्या ठेक्यावर गिटार सोडली.

मित्रांनो, तो आवाज तुम्ही कानांनी ऐकला असता. मला कान नाहीत. तो माझ्या पत्र्यात शिरला, ॲक्सलमधून चाकांत गेला आणि रस्त्याला लागला. तोवर मला फक्त वजन माहीत होतं. ओझं आपल्याला नाचवूही शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. हलगीवाले आधी बिचकले, मग ईर्ष्येला पेटले. द्वारकाबाईंनी मात्र नंतर कितीतरी वर्षं ऐकवलं, की त्या दिवशी म्हशीनं पान्हा चोरला तो याच्यामुळेच.

पुढे हा माणूस फार मोठा झाला. पुणे, बेंगळुरू, गुवाहाटी, कुठंही वाजवायला उभा राहिला की मैदान भरायचं. रॉक वाजवणारी पोरं त्याचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायची. हलगीच्या त्या ठेक्यावर त्यानं एक धून बांधली आणि ती सगळीकडे गाजली. पण शेवटच्या खेपेला तो घरी यायचाच. तिकडे त्याच्यासाठी दिव्यांचे झगझगीत मंच उभे राहायचे, इकडे मी होते. जोतीरामना त्या संगीतातलं काही कळत नसे. ते म्हणायचे, "तात्या, गाणं कळत न्हाय, पर ट्रॅक्टर हलका वाटतोय."

शेवटची काही वर्षं तात्या गावातच राहिले. हंगाम नसताना मी लिंबाखाली उभी असायचे. तिथं, माझ्या पत्र्यावर बसून, ते पोरींना शिकवायचे. त्यांची पुतणी योगिनी त्यात सगळ्यात तयार आणि सगळ्यात भित्री. घरात वाजवायची, माझ्यावर वाजवायची, पण चार लोक जमले की गिटार खाली ठेवायची. तात्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, की येत्या शेवटच्या खेपेला तू वाजवायचं, मी खाली नाचणार. पोरींच्या सरावासाठी त्यांनी सभागृह मागितलं होतं. हा गोंगाट सभागृहात शोभत नाही, असं उत्तर आलं. उत्तर कुणाचं होतं ते मी सांगत नाही. सोफ्यावर बसणाऱ्याला माहीत आहे.

यंदा जानेवारीत तात्या गेले. झोपेतच गेले. दशक्रियेनंतर योगिनीनं गिटार भिंतीला टांगली आणि बोलायची बंद झाली. मीही तेव्हा काही ठीक नव्हते. पत्रा गंजला होता, एका कोपऱ्यात खालचा रस्ता दिसत होता, आणि जोतीराम माझ्याकडे बघून नुसतेच उसासे टाकायचे.

मार्चमध्ये शोकसभा ठेवली. द्वारकाबाईंनी पोरीला समजावून गिटार खाली काढायला लावली. सभेत एकदा काकाची धून वाजव, म्हणाल्या, नाहीतर पुन्हा कधीच वाजवणार नाहीस. पोर तयार झाली. नेमकी त्याच दिवशी हंगामाची शेवटची खेप निघायची होती. जोतीराम मला सजवायला तयार नव्हते, पण फडातले लोक ऐकेनात, तात्यांनाच ते आवडलं असतं म्हणाले. म्हणून खुंट बांधले, गुलाल घेतला, ऊस निम्माच होता तो भरला, आणि आम्ही फाट्यावर आलो.

सभागृहाच्या पायरीवर योगिनी बसली होती. शेजारी गिटार, भोवती चपला. आत साहेबांचं भाषण चालू होतं आणि बाहेरच्या कर्ण्यावरून ते सगळं माझ्या पत्र्यावर आदळत होतं. या थोर सितारवादकाच्या जाण्यानं, असं ते म्हणाले. सितारवादक! तेवढ्यात आतून माणसं उठून बाहेर पडायला लागली.

ही तात्यांची लांबून आलेली चाहतेमंडळी. कुणी पुण्याचे, कुणी बेंगळुरूचे, माळेगाव बुद्रुकची पोरंही त्यांच्यात होती. सगळे काळ्या टीशर्टात, टीशर्टांवर कवट्या. त्यांच्या पुढे स्वानंद नावाचे एक पुण्याचे बँक अधिकारी होते. डोक्यावर केस नाहीत, कवटी पोटावर ताणून रुंद झालेली. त्यांनी मला बघितलं. केळीचे खुंट, गुलाल, हलगी, सोबत चालणारी माणसं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, गावानं तात्यांची मिरवणूक काढली आहे.

ते माझ्याजवळ आले, गंजलेल्या फाळक्यावर हात ठेवला आणि खाली मान घालून मागे चालू लागले. त्यांच्यामागे सगळे काळे टीशर्ट. हलगीवाल्यांना कळेना, की ही पांढरपेशी माणसं उसामागे का रडत निघाली आहेत. ऊस तोडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसू दाबत होत्या. शेवटी जोतीरामनी ट्रॅक्टर थांबवला.

"पावणं, ही उसाची शेवटची खेप हाय. कारखान्याला चाललीया."

स्वानंद तसेच उभे राहिले. मग हलगीकडे कान देऊन म्हणाले, "पण हा ठेका तर त्यांचाच आहे."

"त्यांनी हितनंच नेला की," जोतीराम म्हणाले.

सगळ्यांनी पायरीवरच्या योगिनीकडे बघितलं. तेवढ्यात द्वारकाबाई सभा सोडून बाहेर आल्या. साहेबांचा एक माणूस त्यांच्यामागे धावत आला. परवानगी लागेल, सभा चालू आहे, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलला. द्वारकाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"ही खेप हाय, बाबा. खेपंला कुणाची परवानगी लागत न्हाय." आणि योगिनीला म्हणाल्या, "चढ की गं. तुझा काका काय फोटोत गप बसणारा व्हता व्हय?"

मंडपवाला भिमा तात्यांचा जुना चाहता. त्यानं कुणाला विचारलं नाही. सभेचा जनरेटर आणि स्पीकर उचलून त्यानं सरळ माझ्यात ठेवले. आत साहेबांचा माईक अर्ध्या वाक्यात बंद पडला. ते वाक्य आजपर्यंत पुरं झालेलं नाही आणि कुणी विचारलेलंही नाही.

योगिनी उसावर उभी राहिली. माझ्यावर इतकी वर्षं बसलेली पोर, आज पहिल्यांदाच लोकांसमोर उभी. पहिले सूर चुकले. पुन्हा चुकले. तिनं हात थांबवला तशी माझी चाकंही जड झाली. तेव्हा म्हाताऱ्या हलगीवाल्यानं ठेका तेवढा धीमा केला, जणू बोट पुढे केलं. तिनं ते धरलं. आणि मग, मित्रांनो, तो आवाज पुन्हा माझ्या पत्र्यात शिरला.

काय सांगू! केस असलेल्यांनी केस घुसळले, नसलेल्यांनी टक्कल घुसळलं. एक ऊस तोडणारी बाई दुसरीला विचारत होती, ह्यांच्या अंगात आलंय का. थोड्या वेळानं तीच त्यांना हात धरून शिकवायला लागली, मान नव्हे, पाय हलवा म्हणून. कवट्या गुलालानं लाल झाल्या. स्वानंद नाचता नाचता रस्त्यात बसले, लोकांनी उचललं, पुन्हा नाचले. कारखान्याच्या यार्डात थांबलेल्या ट्रॅक्टरांनी एकदम भोंगे दिले आणि योगिनीनं त्या भोंग्यांच्या सुरात सूर मिळवून उत्तर दिलं. ती हसत होती. द्वारकाबाई जोतीरामशेजारी मडगार्डवर बसून टाळ्या वाजवत होत्या. शोक असाही करता येतो, साहेब.

मित्रांनो, एवढंच सांगते. लोखंडाला रंग आणि ग्रीस लागतं, नाहीतर गंज खातो. वाजवणाऱ्या पोरीला जागा लागते आणि ऐकणारे लागतात, नाहीतर तिलाही गंज चढतो. तुमच्या गावात अशी पोरगी असेल, तर ती मोठी होण्याची वाट बघू नका. आत्ता ऐका.

आणि साहेब, आता तुम्ही गावाच्या वेशीवर तात्यांच्या नावाची कमान बांधली आहे. वर सिमेंटची भली मोठी गिटार, खाली तुमचं नाव. उद्घाटनाला पुन्हा सोफे आले. पोरी मात्र अजून लिंबाखालीच बसतात, पाऊस आला की गिटार पोटाशी धरून घराकडे पळतात, आणि सभागृहाला कुलूप आहे. म्हणून गावासमोर विचारते. तुमची ती सिमेंटची गिटार वाजत नाही. ज्यांची वाजते, त्या पोरींना सभागृहाची किल्ली कधी देताय? तारीख सांगा.