ताई-वहिनींचा पाईप

मी पाईप बनवणारी एक जुनी मशीन आहे. पण म्हातारी म्हणाल तर याद राखा! रस्त्याखालून सांडपाणी नेणारा, अंगभर वळ्या असलेला प्लास्टिकचा पाईप पाहिलाय ना, मित्रांनो? तो मी घडवते. माझ्या पोटात दाणे वितळतात, तोंडातून मऊ नळी निघते आणि समोर फिरणारे साचे तिला धरून वळ्या पाडतात.

पहिल्या कारखान्यात माझं फार कौतुक झालं. मग नवी मशीन आली आणि मला कोपऱ्यात ढकललं. लोक माझ्यावर जेवणाचे डबे ठेवू लागले. फार वाईट वाटायचं हो!

तिथून मला एका नणंद-भावजयीने आणलं. सगळ्यांसारखी मीही त्यांना ताई आणि वहिनी म्हणते. नोकऱ्या सोडून दोघींनी पत्र्याची शेड उभारली होती. त्यांनी मला आणि साच्यांना सरळ रेषेत बसवलं, साच्यांतली हवा ओढणारी बारीक भोकं तारेने मोकळी केली. मी ठरवलं, या दोघींची मान खाली जाऊ द्यायची नाही.

पण पाईप काही सारखा येईना. इथे जाड, तर तिथे पातळ. गटाराचं काम घेतलेला ठेकेदार आला, पाईपवर उभा राहिला आणि पाईप पातळ जागी चेपला.

"उद्या शेवटचा नमुना बघतो," एवढं बोलून तो गेला.

ताईचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, वैतागला. "ताई, बास झालं आता. उद्या नाही जमलं तर मी भंगारवाल्याला बोलावतो."

म्हणजे मला मोडीत काढणार!

वहिनीने तो पाईप करवतीने उभा चिरला. जाड, पातळ, पुन्हा जाड.

"ताई, पातळ दिसल्यावर मी साच्यांचा वेग कमी केला होता. तुम्ही काही केलंत?"

"अगं, मी तेव्हाच मागून माल वाढवला!"

"मग जाड झाल्यावर?"

"कमी केला. तू?"

"मी वेग वाढवला."

साचे मंदावले की पाईप जाड होतो, आणि माल वाढला तरीही; दोघींचं एकदमच झालं होतं! दोघींनी कपाळावर हात मारला. घरीही तेच चालायचं. एकीने मीठ घातलं की दुसरी न विचारता पुन्हा घालणार. शिवाय माझं बटण फिरवल्यावर फरक दिसायला जरा वेळ लागतो. तेवढा धीर कुणाला!

सकाळी नियम ठरला. एका वेळी एकच बटण, तेही एकीनेच फिरवायचं, आणि फरक दिसेपर्यंत स्टुलावर हात मांडीखाली घेऊन बसायचं. बसल्या बिचाऱ्या! पहिला पाईप जरा पातळ आला.

"ताई, हात!"

"नाक खाजवतेय गं!"

वहिनीने वेग किंचित कमी केला आणि परत हातांवर बसली. मीही जिद्दीला पेटले. दार ढकलून भाऊ निकालाआधीच भंगारवाल्याला घेऊन आला, भंगारवाला मला न्याहाळू लागला, तरी माझी लय चुकली नाही. वळीमागून वळी एकसारखी येत राहिली.

ठरल्याप्रमाणे ठेकेदार आला. त्याने चार ठिकाणी पाईप कापून पाहिला. मग बुटांसकट त्यावर उभा राहिला. पाईप हलला नाही.

"असाच माल द्या," तो म्हणाला. "काम तुमचं."

ताई रडली, वहिनी हसली. भंगारवाला हिरमुसला. "मग मी काय नेऊ?"

"ते जाड-पातळ पाईप ने," भाऊ म्हणाला, "आणि पुन्हा येऊ नकोस!"

मित्रांनो, दुर्लक्षाने मी कोपऱ्यात पडले होते, पण भंगारात निघाले होते ती अति काळजीने. मला तेल द्या, माझी भोकं साफ ठेवा, मला नीट बसवा. आणि मग, कृपा करून, मला थोडं काम करू द्या.